४,८०० चा मायक्रोस्कोप, बिब्ब्याची वाळकी फांदी आणि मला "सापडलेली" नवीन बुरशी

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबणार आहे. ज्यांना फक्त घ्यावा का नको एवढंच पाहिजे त्यांच्यासाठी: शाळेसाठी किंवा घरच्या पोरांसाठी असेल तर घ्या, सोबत येणाऱ्या १५ एक्सच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) हात लावू नका, आणि दुकानातच डोळा लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातला अर्धा तिथल्या कामाच्या पोरामुळं, नाहीतर मालकाकडं बघून तीनच दिले असते.

मी किनवट तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. शाळेत एक मायक्रोस्कोप आहे म्हणजे रजिस्टरला आहे, प्रत्यक्षात त्याचा आरसा गेला, एक लेन्स गेली आणि उरलेला कपाटावर पेपरवेट म्हणून बसलाय. मे महिन्याच्या सुट्टीत नांदेडला गेले तेव्हा शाळा-कॉलेजला सायन्सचं सामान देणाऱ्या एका दुकानातून स्वतःच्या पैशानं नवीन घेतला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कव्हरस्लिपा (स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचा) घ्यायला मला परत तिथंच जायचंय. बिल असं झालं, स्टुडंट मायक्रोस्कोप ४,८००, घडीचं १० एक्सचं भिंग २५०, स्लाइडचा डबा, कव्हरस्लिपची डबी आणि "मॅडम हे पण लागतंच" म्हणून गळ्यात मारलेली आयपीसमध्ये टाकायची एक काचेची चकती, तिचं रडगाणं पुढं येईलच. माल अंबाल्याचा आहे, हरियाणातल्या. देशभरातल्या शाळांत बरंच काचसामान तिथलंच दिसतं त्यामुळं ते काही नवल नाही.

पण मूळ खाज कुठून आली ते सांगते. माझ्या बहिणीचा मुलगा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात एमएस्सी बॉटनी करतोय. दिवाळीला आला होता, ताटात सुकामेवा होता, अक्रोड फोडता फोडता म्हणला, "मावशी, तुला माहितंय का, ह्या अक्रोडाच्या मेलेल्या फांद्यांवर अजूनपण नवनवीन बुरश्या सापडायल्यात." मी म्हणलं मेलेल्या फांदीत काय सापडणार, सरपण आहे ते. मग त्यानं जे सांगितलं ते डोक्यातून जाईना. युरोपात अक्रोडाच्या वाळक्या फांदीवर काळे ठिपके येतात, पाऊस पडला की त्यातून शाईसारखा काळा लगदा बाहेर येतो, ही बुरशी जुनीच, शंभर-दोनशे वर्षं माहितीतली, मेलँकोनियम म्हणायचे तिला. ऑस्ट्रियातले फोग्लमायर आणि याक्लिच आणि अमेरिकेतल्या कॅसलबरी या तिघांनी तिचे वेगवेगळ्या देशांतले नमुने घेऊन डीएनए तपासला, तर ही मंडळी ज्या गोतावळ्यात बसवली होती तिथली नव्हतीच. २०१७ साली त्यांनी जुग्लँकोनिस नावाची नवीनच प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली, तिच्यासाठी नवीन कूळ केलं, आणि जी एक जात समजत होते तिच्यातून आणखी एक वेगळी निघाली. म्हणजे अक्रोडाखालून रोज माणसं जायलीत, फांद्या चुलीत घालायलीत, आणि एक आख्खं कूळ तिथं बिननावाचं बसलेलं. अमेरिकेत तर अजून वाईट गोष्ट, काळ्या अक्रोडाची झाडं वाळायला लागली, बघितलं तर तिळाहून बारीक एक भुंगा फांदीत शिरतो आणि सोबत बुरशी नेतो, ती बुरशी २०११ साली पहिल्यांदा नाव देऊन नोंदवली, जिओस्मिथिया मॉर्बिडा. झाडावर इतके व्रण होतात की रोगाला नावच हजार व्रणांचा रोग असं पडलं.

आता किनवटला अक्रोड कुठून आणू. काजू पण नाही, तो कोकणात. आमच्याकडं टणक कवचातली बी म्हणाल तर बिब्बा आणि शाळेच्या मैदानातला देशी बदाम. (खरा बदाम वेगळा, हा देशी म्हणजे हिरड्या-अर्जुनाच्या कुळातला, पोरं दगडानं फोडून आतली बारीकशी बी खातात तो.) बिब्बा मात्र आमच्या रानातला हक्काचा, गोडंबी म्हणजे त्याच्याच आतली बी, लाडवात घालतात ती, आणि बिब्ब्याची वाळलेली फुलं पण खातात, तशी ती फुलं नसतात, फळाचा वरचा नारिंगी देठाकडचा भाग असतो. काजू, आंबा, बिब्बा सगळे एकाच कुळातले. तर ठरवलं की आपण आपल्या बिब्ब्याची मेलेली फांदी बघायची.

मायक्रोस्कोपचं आधी बोलते. नेहमीचा एका डोळ्याचा, खाली आरसा, दोन ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडची भिंगं) १० एक्स आणि ४५ एक्स, आयपीस १० आणि १५. म्हणजे १०० पट, ४५० पट, आणि १५ चा लावला तर ६७५ पट. दुकानदार त्या ६७५ वरच जोर देत होता. तुम्ही भुलू नका, आयपीस वाढवला की चित्र मोठं होतं पण नवीन काहीच दिसत नाही, मोबाइलवर फोटो ताणल्यासारखं. खरं काम ४५० वर होतं आणि ४५० वर ह्याचं चित्र चांगलं आहे, मधोमध तर फारच छान, कडेला थोडं गोल वाकतं. एवढ्या पैशात मला तक्रार नाही.

तक्रार नळीची आहे. मोठा नॉब फिरवून फोकस करायचा, हात सोडला की नळी आपोआप खाली सरकायची, जेवण झाल्यावर खुर्चीत बसलेला माणूस पेंगत पेंगत खाली येतो ना तशी. त्यात दोन कव्हरस्लिपा फुटल्या. दुकानात फोन केला तर मालक म्हणे "मॅडम सगळ्यांचं असंच असतंय". फोन ठेवायच्या आधी तिथला कामाचा पोरगा मागून ओरडला की दोन्ही बाजूचे नॉब दोन हातांत धरा आणि एकमेकांच्या उलटे पिळा, घट्ट होतंय. झालं की हो घट्ट! पाच सेकंदाचं काम. हे कागदावर लिहून डब्यात टाकायला काय जातं? सोबत माहितीपत्रक आहे म्हणायला, त्यात दुसऱ्याच मॉडेलचं चित्र आहे, त्याला बल्ब आहे, ह्याला आरसा.

आरशाचं एक बरंय, आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही तिथं आरसाच पाहिजे. पण सूर्य थेट आरशात घ्यायचा नाही, पोरांना हे मी तीनदा बजावते, डोळा जाईल. आभाळाचा उजेड घ्या. पावसाळ्यात अंधारून आलं की मी मोबाइलचा टॉर्च आरशापाशी ठेवते आणि मध्ये ट्रेसिंग पेपरचा तुकडा, मस्त एकसारखा उजेड येतो.

आणि २५० चं भिंग. खरं सांगते, सगळ्या खरेदीतली सर्वात वसूल वस्तू ही. वापरायची पद्धत मात्र लोकांना माहीत नाही, लांब धरून बघतात, सिनेमातल्या डिटेक्टिव्हसारखं. भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि फांदी जवळ जवळ आणायची, नाकाला लागेपर्यंत. मग दिसतं.

जूनच्या शेवटी दोन चांगले पाऊस झाले आणि शाळेतल्या बदामाच्या एका वाळक्या फांदीवर नखाएवढे पांढुरके पंखे दिसायला लागले, वरून लोकर असल्यासारखे. पोरं म्हणली "मॅडम, कुत्र्याची छत्री." म्हणलं थांबा. खालची बाजू भिंगाखाली धरली तर पंख्याच्या घड्या, आणि प्रत्येक घडी मधोमध उभी चिरलेली, सुरीनं चिरल्यासारखी. ही शिझोफायलम कम्यून, जगभर सापडते त्यामुळं नवीनबिवीन काही नाही, पण हिची करामत बघा. कोरडं पडलं की त्या चिरलेल्या घड्या आत वळून मिटतात, वाटतं मेली, वाळून कडक. एक तुकडा मी टेबलाच्या खणात ठेवून पूर्णच विसरले होते, महिन्याभरानं पोरांसमोर बशीत पाणी घालून त्यात टाकला, मधल्या सुट्टीच्या आत उघडला सगळा. सातवीतला एक जण म्हणला, "मॅडम, म्हणजे ही आपल्यासारखीच, पावसाची वाट बघायली." मराठवाड्यातलं पोरगं दुसरं काय म्हणणार. (ह्या बुरशीत नर-मादी अशी दोनच लिंगं नाहीत, २३ हजारांच्या वर प्रकार आहेत असं भाच्यानं सांगितलं, ते मी वर्गात सांगितलं नाही, प्रश्न कोण निस्तरणार.) ह्याला मायक्रोस्कोप लागलाच नाही, २५० रुपयांत सगळा खेळ झाला.

आता बिब्बा. शेताच्या बांधावर आमचा एक जुना बिब्बा आहे, मेमधल्या वावधानात त्याची एक वाळकी फांदी मोडून लोंबत होती. जुलैत ह्यांना सांगून खाली काढली, चार तुकडे केले, घरी आणले. आत्याबाईंनी बघितल्या बघितल्या आवाज चढवला, "अगं ए, काय करायलीस, बिब्ब्याची फांदी घरात कोन आनतंय, उतंल की अंगावर!" मी म्हणलं आत्याबाई वाळलेली आहे, काही होत नाही. झालं. ब्लेडनं साल काढताना मनगटाला कुठंतरी लागलं असणार, दोन दिवसांनी मनगटापासून कोपरापर्यंत लाल, मग पाण्याचे फोड, खाज अशी की रात्रभर झोप नाही. बिब्बा उतणं म्हणजे काय ते चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. डॉक्टरकडं जाऊन इंजेक्शन, मलम, आठ दिवस गेले. धोब्यानं कपड्यावर खूण केलेली धुऊन जात नाही ती ह्याच रसाची. तेव्हा ज्यांना माझं वाचून हौस येईल त्यांनी रबरी हातमोजे घाला, आणि फांदी उरली तर जाळू पण नका, धुरानं पण उततंय म्हणतात जुनी माणसं आणि ह्या बाबतीत जुन्या माणसांचं मी आता ऐकते.

फांदीवर बघायला काय होतं तर सालीवर काळे ठिपके, खसखशीएवढे, सालीतून वर डोकं काढलेले. भाच्यानं फोनवर पद्धत सांगितली. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा नाही, घाम येऊन दुसरीच बुरशी माजते, कागदात गुंडाळायचा. तुकडा आणला कुठून, कधी, कोणत्या झाडाचा ते तिथंच पेन्सिलीनं लिहायचं. मग स्टीलच्या डब्यात ओला पेपर, त्यावर तुकडा, झाकण, आणि चार-पाच दिवस विसरून जायचं. माझ्या डब्यात पाचव्या दिवशी त्या ठिपक्यांच्या तोंडातून केसासारखे बारीक काळे धागे वर आलेले, वळलेले. भिंगाखाली बघितल्यावर शेवयाच्या साच्यातून शेवया निघतात ना, हुबेहूब. तो धागा म्हणजे चिकटलेले बीजाणू, बुरशीचं बी म्हणा, हजारोंनी.

सुईच्या टोकावर धाग्याचा तुकडा घेतला, स्लाइडवर पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप, १० एक्सवर शोधला आणि ४५ वर गेले. बीजाणू लंबगोल. काही रंग नसलेले, काचेसारखे, आत दाणेदार. काही गडद तपकिरी, मधे एक आडवा पडदा, आणि अंगावर उभे पट्टे, टरबुजावर असतात तसे. मी एकटीच होते खोलीत, तोंडातून "आई गं" निघालं. ४,८०० तिथंच वसूल झाले हे प्रामाणिकपणे लिहिते.

पण माणसाचं समाधान होतंय का. मी १५ चा आयपीस लावला. आणि दिसलं की त्या बीजाणूंच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, फाटे फुटलेले, एका कडेकडून मधे आलेले. अशी बुरशी मी पुस्तकात कुठं बघितली नव्हती. दुसरी स्लाइड केली, त्यात पण. बदामाच्या फांदीवरचा तुकडा खरवडून घातला, त्यात पण! मला वाटलं दोन्ही झाडांवर एकच बुरशी, कुणाला न सापडलेली, आपल्या हाताला लागली. रात्री साडेनऊला भाच्याला फोटो पाठवले, लिहिलं "नवीन आहे बहुतेक". मनात नाव पण ठरवलं होतं, सांगत नाही.

त्याचा रिप्लाय आला, "मावशी, आयपीस बोटानं गोल फिरव बरं." फिरवला. धागे आयपीससोबत गोल फिरले. बीजाणू जागच्या जागी.

म्हणजे बुरशी स्लाइडवर नव्हतीच, आयपीसच्या आतल्या काचेवर होती. बुरशी बघायला घेतलेल्या मायक्रोस्कोपलाच बुरशी! घरात सगळे दोन दिवस हसत होते, ह्यांनी तर "बायकोच्या संशोधनात दुकानदारानं बिब्बा घातला" असं सगळ्या पाहुण्यांना सांगितलं. भिंगावर बुरशी येते हे खरंय, कॅमेरेवाल्यांना माहीत असतं, दमट जागी बंद डब्यात काच पडून राहिली की तिच्यावरच्या धुळीवर, चिकटपणावर वाढते, आणि तिच्यातून सुटणाऱ्या आम्लानं काचेवरचा लेप कायमचा खराब होतो, मग पुसून पण जात नाही. म्हणजे माझा "नवीन" आयपीस कुठल्यातरी गोडाऊनमध्ये दोन-चार पावसाळे काढून आलेला होता. घेताना तपासायची पद्धत आता तोंडपाठ झालीय. स्लाइड न लावता उजेडाकडं बघा, ठिपके-धागे दिसले तर आयपीस फिरवा, सोबत फिरले तर दोष आयपीसचा, स्लाइड सरकवल्यावर हलले तर दोष स्लाइडचा, दोन्हीनं हलले नाहीत आणि नुसतं धुरकट दिसत असेल तर ऑब्जेक्टिव्ह बघा.

दुकानात गेले. मालक म्हणाले वापरल्यावर येतंय, तुमच्या घरात ओल असेल. म्हणलं दादा, घेऊन दोन महिने झालेत, त्यातला एक आख्खा मे महिना, मे महिन्यात किनवटच्या घरात ओल? ४४ डिग्री होतं तिथं. मग म्हणाले काचेच्या वस्तूला वॉरंटी नसते. बिलावर तसं कुठंच लिहिलेलं नाही. अर्धा तास उभी राहिले. शेवटी त्याच पोरानं आतून दुसरा आयपीस आणला, मीच म्हणलं खिडकीपाशी चल, दोघांनी बघून घेतला, तो स्वच्छ निघाला. मालकानं मान वर केली नाही. जाताना पोरानं चहाच्या कपाएवढी सिलिका जेलची पुडी फुकट दिली, डब्यात ठेवा म्हणला, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर गरम करायचे, परत निळे होतात. तो अर्धा स्टार ह्या पुडीचा आहे.

त्या काचेच्या चकतीचं राहिलं. आयपीसमध्ये टाकली की नजरेसमोर पट्टी दिसते, शून्य ते शंभर. पण शंभर काय? मिलिमीटर नाही, मायक्रॉन नाही, काहीच नाही. त्या रेघांना अर्थ यायला दुसरी एक स्लाइड लागते, तिच्यावर एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. दोन्ही पट्ट्या एकावर एक जुळवायच्या आणि प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला वेगळा हिशोब काढून ठेवायचा. ती दुसरी स्लाइड महाग आहे आणि दुकानदारानं तिचं नावपण काढलं नव्हतं, म्हणजे ग्राहकाला गज विकला पण गजावर खुणा नाहीत. मी भाच्यामार्फत त्याच्या लॅबमधली एका दिवसापुरती वापरली. माझे पट्टेवाले बीजाणू साधारण २४-२५ मायक्रॉन लांब आणि १३ रुंद भरले. तीस मोजले, मान आखडली.

सप्टेंबरमध्ये गौरी-गणपतीला भाचा आला तेव्हा स्वतः बघितलं. म्हणला लॅसिओडिप्लोडिया असणार, पट्टे आणि तो एक पडदा ही तिचीच खूण, कोवळे बीजाणू बिनरंगी आणि पिकले की तपकिरी. आंब्याचे शेंडे वाळतात, काजूच्या फांद्या मरतात त्यात ही असते, झाड दमलं की जोर धरते. आधी उष्ण देशातली जवळपास सगळी लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी ह्या एकाच नावाखाली टाकायचे, डीएनए आल्यावर त्या एका नावातून डझनावारी जाती वेगळ्या निघाल्या. "मग आपली कोणती?" विचारलं तर म्हणला, डोळ्यानं सांगताच येत नाही, तू कितीपण भारी मायक्रोस्कोप घे.

मी विचारलं मग नवीन म्हणायला करावं काय लागतं, तर त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझ्या साडेनऊच्या मेसेजची मलाच लाज वाटली. एक बीजाणू वेगळा उचलून बटाटा-साखरेच्या आगरवर (जेलीसारख्या थरावर) वाढवायचा, म्हणजे दुसऱ्याची भेसळ नको. त्यातून डीएनए काढून आयटीएस नावाचा तुकडा वाचायचा, २०१२ पासून बुरश्यांचा अधिकृत बारकोड तोच आहे, पण लॅसिओडिप्लोडियासारख्या अवघड मंडळींत तो एकटा पुरत नाही, अजून दोन-तीन जनुकं वाचावी लागतात. जवळच्या बुरश्यांच्या वंशावळीत ती कुठं बसते ते बघायचं. वाळलेला नमुना कुठल्यातरी मान्य संग्रहात कायमचा जमा करायचा, आपल्याकडं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा बुरश्यांचा संग्रह आहे आणि जिवंत बुरशी ठेवायला राष्ट्रीय संग्रह पण तिथंच. मग मायकोबँकसारख्या बुरश्यांच्या नावांच्या नोंदवहीत नोंदणी नंबर, तो २०१३ पासून सक्तीचा, त्याशिवाय नाव चालत नाही. लॅटिनमध्ये वर्णन लिहायची सक्ती तेवढी २०१२ पासून गेली, इंग्रजी चालतं. म्हणलं मराठी? हसला.

पण एक गोष्ट त्यानं अशी सांगितली की परत उत्साह आला. जगात नाव दिलेल्या बुरश्या दीड लाखाच्या आसपास, आणि एकूण किती असतील याचा २०१७ मधला एक अंदाज २२ ते ३८ लाख असा आहे. दरवर्षी दोन हजारांवर नवीन नावं पडतात तरी ही थप्पी संपत नाही. आणि हे काम आपल्याकडं कुणी केलंच नाही असं पण नाही, औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात एस. टी. टिळक सरांनी साठच्या दशकात वाळक्या फांद्यांवरच्याच असल्या बुरश्यांवर काम केलेलं आहे, डीएनएबिनए काही नसताना, अशाच भिंगावर. भाचा म्हणला त्या काळातले नमुने परत गोळा करून तपासायला पाहिजेत, त्याच झाडांवरून. माझे दोन तुकडे तो कागदात गुंडाळून घेऊन गेलाय, हातमोजे घालून.

इतर पर्यायांचं थोडक्यात, कारण दोघा-तिघांनी विचारलंय. मोबाइलला चिमट्यासारखी लावायची मॅक्रो लेन्स माझ्या जावेनं मागवली होती, ठिपके आणि पंखे छान येतात, बीजाणू विसरा. कागदाचा फोल्डस्कोप, तो स्टॅनफर्डमधल्या मनु प्रकाश यांनी काढलेला, शाळेत एक आहे, १४० पट दाखवतो, खिशात मावतो, पडला तरी काही होत नाही, पोरांच्या हातात द्यायला तोच बरा. माझे पट्टेवाले बीजाणू त्यात दिसले पण पट्टे नाही दिसले, नुसते तपकिरी दाणे. लाइटवाला दोन डोळ्यांचा मायक्रोस्कोप घ्यायची ऐपत असेल तर अर्थात तोच घ्या, मान आखडायची नाही. कमी बजेट असेल तर आधी फक्त २५० चं भिंग घ्या आणि एक पावसाळा काढा.

दुकानाबद्दल शेवटचं. कव्हरस्लिपा चांगल्या आहेत, एकसारख्या पातळ, डबीत एक पण चिकटलेली नव्हती. स्लाइडच्या कडा घासलेल्या नाहीत, बोट कापतं, पोरांना देण्याआधी सँडपेपर मारा. मायक्रोस्कोपचा लाकडी डबा सुंदर आहे, पण त्याला जी किल्ली दिली ती त्या कुलपाची नाहीच. तीनदा फोन केला, "पुढच्या लॉटसोबत येईल मॅडम" हेच उत्तर. सध्या डबा सुतळीनं बांधून ठेवते.